‘रविवारी रात्री १२ पर्यंत’: एका ऑनलाइन चाचणीच्या मुदतीचे प्रकरण

ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला एखादी चाचणी केव्हा उघडेल, केव्हा मिटेल आणि मधल्या काळात त्याला किती वेळ मिळेल, हे ठरवण्याचे काम बहुतेक ठिकाणी दोन-तीन रकाने भरण्याचे कारकुनी काम मानले जाते. ते तसे नाही, हे दाखवण्यासाठी पुढील प्रकरण मांडले आहे. यातील संस्था, विद्यार्थीसंख्या आणि घटनाक्रम अभ्यासासाठी रचलेले आहेत. मात्र ज्या मूडल या प्रणालीवर ही चाचणी घेतली गेली असे मानले आहे, तिचे वर्तन जसे आहे तसेच घेतले आहे. २००२ साली पहिली आवृत्ती आलेली ही मुक्तस्रोत प्रणाली अनेक संस्था वापरतात, आणि तिच्या प्रशासकाला या प्रकरणातील प्रत्येक अडचण आज ना उद्या भेटू शकते.

परिस्थिती अशी होती. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठीच्या एका दूरस्थ अभ्यासक्रमात ४१२ जणांची नोंदणी होती. त्यांपैकी ३८ जण अशा प्रदेशात राहत होते जिथले घड्याळ सर्व्हरच्या घड्याळापेक्षा दोन तास मागे होते. आणखी ११ विद्यार्थ्यांना दृष्टिदोष, लेखन-वाचनातील अडचण अशा कारणांसाठी दीडपट वेळ मंजूर झालेला होता. सत्राच्या मध्यावरील चाचणीला ९० मिनिटांचा अवधी होता आणि ती शनिवारी सकाळी ८ पासून रविवारी रात्रीपर्यंत कोणत्याही वेळी सुरू करता येणार होती. मुदत इतकी प्रशस्त ठेवण्यामागे दोन कारणे होती: विद्यार्थ्यांच्या कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या होत्या, आणि चारशे जणांनी एकाच क्षणी ‘सुरू करा’ दाबल्यास सर्व्हरवर येणारा ताण टाळायचा होता. दोन्ही कारणे योग्य होती. विषयशिक्षकांनी सोमवारीच सर्वांना ईमेल पाठवला होता आणि त्यात ‘चाचणी शनिवार सकाळी ८ ते रविवार रात्री १२ पर्यंत खुली राहील’ असे वाक्य होते.

प्लॅटफॉर्मच्या प्रशासकाने हे वाक्य वाचले आणि चाचणी बंद होण्याच्या रकान्यात रविवारची तारीख निवडून वेळ ००:०० अशी भरली. बोलण्यात ‘रविवारी रात्री १२’ म्हणजे रविवारचा दिवस मावळल्यावर येणारी मध्यरात्र, हे सांगावे लागत नाही. संगणकाच्या दिनदर्शिकेत मात्र रविवार ००:०० हा रविवारचा पहिला क्षण असतो. चाचणी ठरल्यापेक्षा पूर्ण २४ तास आधी, शनिवारची रात्र संपतानाच मिटली. तोवर १८७ विद्यार्थ्यांनी ती सोडवली होती. उरलेले २२५ जण रविवारच्या भरवशावर होते, आणि त्यांना तसा भरवसा संस्थेनेच दिला होता.

विशेष म्हणजे, अभ्यासक्रमाच्या पानावरील ज्या विभागात ही चाचणी ठेवली होती त्या संपूर्ण विभागावर विषयशिक्षकांनी स्वतः तारखेची एक मर्यादा घातली होती आणि तिची अखेर त्यांनी सोमवार ००:०० अशी, म्हणजे अचूक, भरली होती. एकच वाक्य दोन जबाबदार माणसांनी दोन तऱ्हांनी वाचले, आणि दोघांनाही आपण त्या वाक्याप्रमाणेच वागलो असे वाटले. म्हणून मी या चुकीला निष्काळजीपणा म्हणणार नाही. वाक्यच असे होते की ते रकान्यात उतरवताना प्रत्येकाला मनातल्या मनात भाषांतर करावे लागत होते, आणि अशा भाषांतराची तपासणी करण्याची कोणतीही पायरी कामात ठेवलेली नव्हती.

रविवारी सकाळपासून तक्रारी येऊ लागल्या. प्रशासकाने १० वाजून ४० मिनिटांनी बंद होण्याची वेळ बदलून रविवार २३:५९ केली, चाचणी पुन्हा उघडली, आणि विद्यार्थ्यांना दिलगिरीचा संदेश पाठवला. दहा तास चाळीस मिनिटांची ही अडचण इथे संपली असे सर्वांना वाटले. या दुरुस्तीने २१८ विद्यार्थ्यांपुढची वाट खरोखरच मोकळी झाली. २२५ मधले उरलेले सात कुठे गेले, हा प्रश्न त्या सकाळी कोणी विचारला नाही.

ते सात जण वाढीव वेळ मंजूर झालेल्या अकरांपैकी होते. चौघांनी शनिवारीच चाचणी दिली होती. मूडलमध्ये एखाद्या विद्यार्थ्यासाठी सर्वसाधारण वेळेपेक्षा वेगळी वेळ ठेवायची असेल तर त्याच्या नावाने अपवादाची नोंद, म्हणजे ओव्हरराइड, करावी लागते. तिच्यात उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, अवधी आणि प्रयत्नांची संख्या असे स्वतंत्र रकाने असतात. जे रकाने सर्वसाधारण सेटिंगशी जुळतात, ते नोंदीत जतनच होत नाहीत. त्या बाबतीत विद्यार्थी मूळ चाचणीच्या मागे चालतो आणि मूळ वेळ बदलली की त्याचीही बदलते. पण ज्या रकान्यात वेगळे मूल्य भरले आहे, ते त्या विद्यार्थ्यापुरते पक्के होते. प्रशासकाने या अकरा जणांचा अवधी ९० ऐवजी १३५ मिनिटे केला होता, आणि त्यांना वाढीव ४५ मिनिटे शेवटीही मिळावीत या चांगल्या हेतूने बंद होण्याची वेळही ४५ मिनिटांनी पुढे, म्हणजे रविवार ००:४५ अशी ठेवली होती. रविवारी सकाळी मूळ चाचणीची वेळ बदलली तेव्हा या नोंदीतील वेळ जागची हलली नाही, कारण ‘मूळ वेळेपेक्षा ४५ मिनिटे जास्त’ असा संबंध प्रणालीला कधी सांगितलाच गेला नव्हता. तिला फक्त एक ठाम तारीख आणि वेळ सांगितली होती. परिणामी बाकी सर्वांसाठी चाचणी खुली असताना नेमक्या या सात जणांसाठी ती दिवसभर बंद राहिली.

या प्रकरणातला मला सर्वांत जास्त खुपणारा भाग हाच आहे. ज्यांच्यासाठी खास काळजी घेतली, त्यांच्याच वाट्याला सर्वांत मोठा अडथळा आला, आणि तो काळजी घेतल्यामुळेच आला. सातपैकी तिघांनी सोमवारी सकाळी कळवले की संदेश आला तरी त्यांच्या पानावर चाचणी बंदच दिसत होती. उरलेल्या चौघांनी काहीच कळवले नाही. एरवीही सवलत मागावी लागणारा विद्यार्थी पुन्हा तक्रार घेऊन यायला कचरतो. त्याला वाटते की चूक आपल्याच समजण्यात झाली असेल. तक्रारींच्या संख्येवरून नुकसान मोजणाऱ्या प्रशासनाच्या नजरेतून असे चौघे नेहमीच सुटतात.

रविवारी रात्री आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मात्र कोणाच्याही हातून झालेल्या चुकीशिवाय घडली. चाचणी २३:५९ ला बंद होणार होती आणि अवधी ९० मिनिटांचा होता. मूडलमध्ये चालू असलेला प्रयत्न दोहोंपैकी जे आधी येईल तिथे संपतो: सुरुवातीपासून मोजलेला अवधी, किंवा चाचणी बंद होण्याची वेळ. म्हणजे पूर्ण ९० मिनिटे हवी असतील तर शेवटची सुरुवात २२:२९ ला व्हायला हवी. २६ विद्यार्थ्यांनी त्यानंतर सुरुवात केली. चाचणीच्या माहितीत अवधी ९० मिनिटे असाच लिहिलेला होता; काहींना चाळीस मिनिटे मिळाली, काहींना वीसच. त्यांपैकी दहा जणांनी घाईने पण स्वतःहून उत्तरे सादर केली, सोळा जणांची उत्तरे वेळ संपताच आपोआप सादर झाली. वेळ संपल्यावर चालू प्रयत्नाचे काय करायचे, हे मूडलमध्ये ठरवता येते: तो आपोआप सादर व्हावा, काही वाढीव मिनिटांत फक्त सादर करण्याची संधी द्यावी, किंवा वेळेत सादर न झालेला प्रयत्न धरलाच जाऊ नये. पहिला पर्याय निवडलेला होता म्हणून या सोळा जणांनी लिहिलेले निदान हाती तरी लागले. तिसरा पर्याय असता तर त्यांच्या नावावर काहीच राहिले नसते.

इथे मराठीतले दोन साधे शब्द वेगळे ठेवणे मला फार उपयोगी वाटते. एक मुदत आणि दुसरा अवधी. मुदत म्हणजे कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत दार उघडे आहे; अवधी म्हणजे एकदा आत आल्यावर कामासाठी किती वेळ आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यात मुदतीची अखेर म्हणजे ‘सुरू करण्याची शेवटची वेळ’ असते. प्रणालीच्या दृष्टीने ती ‘काम करण्याचा शेवटचा क्षण’ असते. मूडलच्या चाचणीत ‘यानंतर सुरू करता येणार नाही, पण सुरू केलेल्यांना पूर्ण अवधी मिळेल’ असे सांगण्यासाठी वेगळा रकाना नाही. गृहपाठाच्या बाबतीत स्थिती बरी आहे: तिथे सादर करण्याची अपेक्षित तारीख आणि त्यानंतरची अंतिम, म्हणजे दार लावून घेण्याची तारीख अशा दोन स्वतंत्र नोंदी करता येतात, आणि दोहोंच्या मधे आलेले काम उशिरा आलेले म्हणून दिसते. चाचणीला अशी दुसरी रेषा नाही. एकाच रेषेवर दोन्ही अर्थ लादले जातात. म्हणून शेवटच्या सुरुवातीची वेळ माणसाने मोजून माणसाच्या भाषेत सांगावी लागते, आणि या ठिकाणी ती कोणी सांगितली नव्हती.

यावर विषयशिक्षकांचा आक्षेप होता, आणि तो झटकून टाकण्यासारखा नव्हता. परीक्षागृहात उशिरा येणाऱ्याला शेवटी वेळ वाढवून मिळत नाही. मग दोन दिवस हाती असताना शेवटच्या तासात आलेल्याला इथे का मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. पण परीक्षागृहात सुरुवातीचा क्षण एकच असतो आणि तो सर्वांना आधी ठाऊक असतो. उशिरा येणारा तो क्षण चुकवतो. इथे संस्थेने ‘कधीही सुरू करा, ९० मिनिटे मिळतील’ असे म्हटले होते. रात्री ११ वाजता सुरुवात करणारा विद्यार्थी उशिरा आलेला नव्हता. तो दिलेल्या मुदतीतच आलेला होता. शिवाय रविवारची सकाळ संस्थेच्याच चुकीने वाया गेली होती, आणि सकाळी बसायचे ठरवलेल्या किती जणांना त्यामुळे रात्रीपर्यंत थांबावे लागले, हे कोणीच सांगू शकत नव्हते. या दुसऱ्या मुद्द्यावर शिक्षकांनी आपला आग्रह सोडला.

तिसरा गट दोन तास मागे असलेल्या प्रदेशातील होता. मूडल प्रत्येक वेळ जागतिक समन्वित वेळेनुसार (यूटीसी) १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांच्या रूपात साठवते आणि पाहणाऱ्याच्या प्रोफाइलमधील कालविभागानुसार (टाइम झोननुसार) ती दाखवते. विद्यार्थ्याने आपला कालविभाग निवडला असेल तर त्याला त्याच्या घड्याळाची वेळ दिसते आणि गोंधळ होत नाही. निवडला नसेल तर सर्व्हरची वेळ दिसते, आणि ती कोणत्या घड्याळाची आहे हे त्या आकड्यांशेजारी लिहिलेले नसते. या ३८ जणांपैकी अनेकांच्या प्रोफाइलमध्ये नोंदणीच्या वेळचे मूळ मूल्य, म्हणजे सर्व्हरचा कालविभाग, तसेच राहिले होते. त्यांच्यापैकी सहा जण आपल्या घड्याळानुसार रात्री दहानंतर बसायला आले. चाचणी तेव्हा सर्व्हरच्या घड्याळावर मध्यरात्र होऊन मिटलेली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर २३:५९ हा आकडा होता आणि घड्याळात अजून जवळजवळ दोन तास होते.

प्रशासकाला या घटनेत दोन तासांचा फरक हाताळायचा होता, आणि तो वर्षभर तेवढाच राहणारा होता. सर्वत्र तसे नसते. युरोपीय संघातील घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जागतिक समन्वित वेळेनुसार पहाटे १ वाजता एका तासाने पुढे किंवा मागे केली जातात; अमेरिकेत जिथे उन्हाळी वेळ पाळली जाते तिथे २००७ पासून ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. मधल्या आठवड्यांत दोन प्रदेशांमधला नेहमीचा फरक एका तासाने वेगळा असतो, आणि घड्याळे बदलण्याचा दिवस रविवार असल्यामुळे शनिवार-रविवारच्या चाचण्यांनाच त्याचा फटका बसतो. फरकाचा आकडा पाठ करून बेरीज-वजाबाकी करणाऱ्याची अशा आठवड्यात फसगत होते. त्यापेक्षा कालविभागाचे नाव निवडून हिशेब प्रणालीवर सोपवणे सुरक्षित आहे.

सोमवारी सकाळी परिस्थितीचा हिशेब मांडला गेला. तो तक्रारींवरून न मांडता लॉगवरून मांडला, आणि या संपूर्ण प्रकरणातला हा माझ्या मते सर्वांत चांगला निर्णय होता. अभ्यासक्रमाच्या लॉगमध्ये कोणत्या विद्यार्थ्याने चाचणीचे पान केव्हा उघडले याची वेळेसह नोंद असते. बंद असलेले पान पाहून परत गेलेल्याचीही असते. २१८ पैकी २०१ जणांनी रविवारी चाचणी सादर केली होती आणि त्यांत उशिरा सुरू करणारे ते २६ होते. न दिलेल्या १७ जणांपैकी आठ जण सकाळच्या बंद काळात येऊन परत गेले होते आणि पुन्हा आले नव्हते, सहा जण कालविभागामुळे चुकले होते, आणि तिघांनी पान एकदाही उघडले नव्हते. उशिरा सुरू करणारे २६, परत गेलेले आठ आणि कालविभागामुळे चुकलेले सहा यांत वाढीव वेळेचे सात मिळवले की संस्थेच्या व्यवस्थेमुळे ज्यांचे नुकसान झाले असे ४७ विद्यार्थी होत होते. यांपैकी प्रत्यक्ष तक्रार करणारे निम्म्याहून कमी होते.

तीन पर्याय समोर आले. चाचणी रद्द करून सर्वांची पुन्हा घ्यावी, हा पहिला. तो समान होता, पण शनिवारी वेळ काढून नीट चाचणी दिलेल्या १८७ जणांना त्यात विनाकारण शिक्षा होती. सर्वांसाठी मुदत आणखी दोन दिवस वाढवावी, हा दुसरा. त्यात उशिरा सुरू केलेल्या २६ जणांचा एकमेव प्रयत्न आधीच संपलेला असल्याने त्यांना काहीच मिळत नव्हते. ४७ जणांना वेगळी पुनर्संधी द्यावी, हा तिसरा पर्याय निवडला गेला. उशिरा सुरू करणाऱ्यांपैकी ज्या दहा जणांनी स्वतःहून सादर केले त्यांना वगळावे, अशी सूचना झाली होती. पण वीस मिनिटे उरलेली पाहून घाईने उत्तरे देणारा आणि वेळ संपल्यामुळे अर्धवट राहणारा यांच्यात नुकसानीचा फरक फक्त दिसण्याचा आहे, हे मान्य होऊन सर्व २६ जणांना संधी दिली गेली. दोन प्रयत्नांपैकी जास्त गुण धरायचे ठरले.

ही पुनर्संधी त्याच चाचणीत ओव्हरराइड देऊन करता येईल, असे आधी वाटले होते. मग एक धोका लक्षात आला. चाचणी बंद झाल्यानंतर बरोबर उत्तरे दिसावीत, अशी सोय विद्यार्थ्यांच्या हितासाठी ठेवलेली होती, आणि ‘बंद झाली’ याचा अर्थ प्रणाली प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मुदतीनुसार लावते. म्हणजे ४७ जणांसाठी चाचणी खुली असताना उरलेल्यांसाठी ती बंदच असणार होती आणि त्यांना बरोबर उत्तरे दिसत राहणार होती. खरे तर रविवारी सकाळी चाचणी चुकून बंद होती तेव्हाच, शनिवारी ती दिलेल्यांना उत्तरे दिसू लागलीही होती. उत्तरांची सोय तातडीने बंद केली गेली, पण ज्यांनी पाहिली त्यांच्या डोक्यातून ती परत काढता येणार नव्हती. ज्या चाचणीत एकदा प्रयत्न नोंदले गेले आहेत तिच्यात नवे प्रश्न घालता येत नाहीत आणि जुने काढता येत नाहीत. त्यामुळे प्रश्नपेढीतील त्याच घटकांवरचे आणि तितक्याच काठिण्याचे वेगळे प्रश्न घेऊन दुसरी चाचणी तयार करावी लागली. मूळ चाचणीची नक्कल करून सेटिंग तेवढी राखली, प्रश्न बदलले, आणि प्रवेश फक्त ४७ जणांच्या गटापुरता मर्यादित केला. गुणपत्रकात दोन्ही चाचण्या एका प्रवर्गात घालून जास्तीचा गुण धरला जाईल अशी रचना केली.

नक्कल करताना व्यक्तिगत ओव्हरराइड सोबत येत नाहीत, ही बाब इथे उपकारक ठरली, कारण सात जणांच्या नोंदी नव्याने विचार करून कराव्या लागल्या. यावेळी त्यांच्यासाठी फक्त अवधी बदलला, १३५ मिनिटे. बंद होण्याच्या रकान्याला हात लावला नाही. सर्वांसाठीच मुदत बुधवार ०८:०० ते शुक्रवार २३:५९ इतकी लांब ठेवली असल्याने शेवटी ४५ मिनिटे जोडून देण्याची गरज नव्हती, आणि पुढे मुदत बदलावी लागली असती तरी हे सात जण इतरांबरोबर आपोआप पुढे सरकले असते. व्यक्तीच्या नावाने केलेली नोंद गटाच्या नोंदीपेक्षा वरचढ ठरते, हेही इथे ध्यानात ठेवावे लागते: व्यक्तीच्या नोंदीत बंद होण्याची जुनी वेळ राहिली, तर संपूर्ण गटाला दिलेली वाढीव मुदत त्या व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही.

मंगळवारी तपासणीसाठी बनवलेल्या दोन विद्यार्थी-खात्यांतून, एक साधे आणि एक वाढीव वेळेची नोंद असलेले, नवी चाचणी उघडून पाहिली गेली. त्यासाठी दोन्ही खाती ४७ जणांच्या गटात घातली आणि चाचणीची सुरुवात तात्पुरती त्या दिवशी आणली. दोन्ही खात्यांत ती दिसलीच नाही. कारण पूर्वी उल्लेखलेली विभागावरची तारखेची मर्यादा होती. ती सोमवार ००:०० ला संपली होती, आणि विभाग मिटला की आतली चाचणी स्वतःच्या वेळेनुसार खुली असली तरी पोहोचता येत नाही. चाचणीचे ओव्हरराइड केवळ चाचणीच्या वेळेवर चालते. विभागावरची मर्यादा, उपक्रमावरची मर्यादा किंवा अभ्यासक्रमातील नोंदणीची अखेर यांना ते ओलांडू शकत नाही. विद्यार्थ्याला आत येण्यासाठी ही सर्व दारे एकाच वेळी उघडी असावी लागतात. प्रशासकाच्या खात्यातून हा अडथळा दिसत नाही, कारण प्रशासकाला बंद विभागही उघडता येतो. म्हणूनच प्रशासकाच्या खात्यातून तात्पुरते विद्यार्थ्याच्या भूमिकेत जाऊन पाहण्यापेक्षा खरोखर विद्यार्थी म्हणून नोंदलेल्या खात्यातून पाहणे मी आवश्यक मानतो. भूमिका बदलल्याने कोणाच्या नावाची ओव्हरराइड किंवा गटाचे सदस्यत्व अंगावर येत नाही.

विभागाची मर्यादा काढली गेली आणि चाचणी बुधवारी वेळेवर उघडली. तिच्या सूचनेचे वाक्य यावेळी असे होते: ‘चाचणी शुक्रवारी २३:५९ वाजता बंद होईल आणि त्या क्षणी चालू असलेले प्रयत्न आपोआप सादर होतील. पूर्ण ९० मिनिटे मिळण्यासाठी शुक्रवारी २२:२९ पूर्वी, आणि १३५ मिनिटे मंजूर असलेल्यांनी २१:४४ पूर्वी सुरुवात करावी. या वेळा सर्व्हरच्या घड्याळाच्या आहेत. दोन तास मागे असलेल्या प्रदेशात त्या अनुक्रमे २१:५९, २०:२९ आणि १९:४४ अशा होतील.’ वाक्य लांब आहे आणि वाचायला कंटाळवाणे आहे, हा आक्षेप मान्य आहे. पण ‘रात्री १२ पर्यंत’ या तीन सोप्या शब्दांनी जे केले ते पाहिल्यावर मला अशा कंटाळवाण्या वाक्याची बाजू घ्यावीशी वाटते.

पुढच्या सत्रापासून कामाची पद्धत बदलली. मध्यरात्र ही वेळ कोणत्याही सूचनेत आणि कोणत्याही रकान्यात वापरायची नाही, असे ठरले. २३:५९ सुद्धा टाळून शक्यतो सायंकाळची, प्रशासक कामावर असतानाची वेळ निवडायची, कारण शेवटच्या तासात अडचण आली तर मदत करणारे कोणी तरी जागे असले पाहिजे. सूचना आधी लिहून मग रकाने भरण्याऐवजी रकाने भरून, विद्यार्थ्याच्या खात्यातून दिसणारी वेळ वाचून, ती सूचनेत उतरवायची, असा क्रम उलटवला गेला. नोंदणीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून कालविभाग निवडून घेतला जाऊ लागला. आणि मूळ मुदतीत बदल करणाऱ्याने तो बदल जतन केल्यावर लगेच ओव्हरराइडची यादी उघडून प्रत्येक नाव वाचायचे, असा नियम झाला. अकरा नावे वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

एक प्रश्न मात्र संस्थेत अजून सुटलेला नाही. ज्या तिघांनी चाचणीचे पान एकदाही उघडले नव्हते त्यांना पुनर्संधी दिली गेली नाही, कारण बंद दारापाशी ते आल्याची नोंद लॉगमध्ये नव्हती. पण रविवारी सकाळी चाचणी बंद आहे असे सहाध्यायांकडून ऐकूनच त्यांच्यापैकी कोणी थांबले असेल, तर त्याची नोंद कोणत्याही लॉगमध्ये मिळणार नाही. त्या तिघांना विचारणारा ईमेल गेला, एकाचे उत्तर आले आणि त्याने आपण त्या दिवशी प्रवासात होतो असे कळवले. उरलेल्या दोघांचे उत्तर आले नाही. त्यांच्या गुणपत्रकातील ती जागा शून्य न लिहिता रिकामी ठेवण्यात आली आहे.